खोक्यावरचे वॉट

गाडीत लावायच्या अँप्लिफायरच्या खोक्यावर ठळक चंदेरी अक्षरांत ‘४००० वॉट’ छापलेलं असतं आणि किंमत असते चार हजाराच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे रुपयाला एक वॉट. इतकं स्वस्त हल्ली दुसरं काहीच मिळत नाही. आणि हे खोकं काखोटीला मारून दुकानाबाहेर पडणारा माणूस कोण असतो? बऱ्याचदा आपल्यातलाच कुणीतरी. बी.ई. झालेला, पहिल्या वर्षाला ‘बेसिक इलेक्ट्रिकल’ला बऱ्यापैकी मार्क पाडलेला, आणि सध्या सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम वीस मिलिसेकंदांनी वाढला तर दोन तास मीटिंग लावणारा. हाच प्राणी दुकानात ४००० हा आकडा बघून मान डोलावतो आणि निमूट कार्ड पुढे करतो. एक प्रश्न नाही, एक आकडेमोड नाही.

माझं भांडण दुकानदाराशी थोडं आहे. या माणसाशी जास्त आहे.

जरा हिशोब करून बघू. घरातला गीझर साधारण २००० वॉटचा असतो. त्याला वेगळी जाड वायर लागते, १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट लागतो. ४००० वॉट म्हणजे असे दोन गीझर, डिकीत. हॉर्सपॉवरमध्ये मोजलं तर पाचाच्या वर. आता गाडीत काही २३० व्होल्ट नसतात. इंजिन चालू असताना धरून चाला १३.८. क्लास डी अँप घेतला आणि तो ८० टक्के कार्यक्षम आहे असं मोठ्या मनाने मानलं, तर ४००० वॉट बाहेर काढायला ५००० वॉट आत घालावे लागतील. भागिले १३.८. झाले ३६२ अँपिअर! लहान हॅचबॅकचा अल्टरनेटर सगळा मिळून साधारण ६० ते ९० अँपिअरचा असतो, तोही इंजिन जोरात फिरत असताना. त्यातच हेडलाइट, एसीचा पंखा, ईसीयू, इंधनाचा पंप हे सगळं भागवायचं असतं. सिग्नलला उभे असाल तर त्याहून कमी. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. मग हे ३६२ अँपिअर येणार कुठून? आकाशातून?

गंमत म्हणजे उत्तर त्याच अँपवर लिहिलेलं असतं. वायरी जोडायच्या बाजूला दोन फ्यूज खोचलेले असतात. समजा हिरवे, ३०-३० अँपिअरचे. ६० गुणिले १३.८ म्हणजे ८२८ वॉट आत. ८० टक्के धरले तर बाहेर साडेसहाशेच्या आसपास, आणि जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल तर पाचशेसुद्धा मुश्किलीने. हा झाला वरचा अंदाज. फ्यूज मुद्दाम मोठे बसवलेले असले तर खरा आकडा आणखी खाली. म्हणजे त्याच वस्तूच्या एका अंगावर ४००० आणि दुसऱ्या अंगावर फार तर ६५०. कुठल्यावर विश्वास ठेवायचा ते शाळकरी पोरगंही सांगेल. पण फ्यूजकडे बघतो कोण? आपण निळा एलईडी बघतो.

हे फुगवलेले आकडे येतात कुठून, तेही मजेशीर आहे. डॅशबोर्डवरच्या साध्या स्टिरिओचंच घ्या. ‘४ × ५० वॉट’ असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. आतला चिमुकला आयसी थेट गाडीच्या पुरवठ्यावर चालतो, व्होल्टेज वाढवणारी काही सोय त्यात नसते. म्हणजे जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम = ५१.८ वॉट. सापडले ५० वॉट! फक्त हे कधी मिळतात, तर आउटपुट पूर्णपणे चौकोनी लाट झालेलं असताना, म्हणजे गाणं न राहता नुसता चरचराट उरलेला असताना. साधी साइन वेव्ह घेतली तर कागदावरच २६ वॉट होतात, आणि आयसीमधला तोटा वजा करून स्वच्छ आवाजात वीसच्या आसपास. म्हणजे ‘५०’ हा आकडा अगदीच खोटा नाही, तो फक्त ऐकण्याच्या लायकीचा नाही.

अमेरिकेत घरगुती अँप्लिफायरच्या जाहिरातींत असाच सुळसुळाट झाला होता, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियमच केला की पॉवर सांगायची तर कशी मोजली ते सांगा. कार ऑडिओ त्या नियमात आलाच नाही. म्हणून मग २००३ मध्ये तिथल्या उद्योगाच्या संघटनेने सीईए-२००६ नावाचं ऐच्छिक मानक काढलं. १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती एक टक्क्याच्या आत, आणि या अटींवर निघालेले आरएमएस वॉट तेवढेच छापायचे. ऐच्छिक हा शब्द महत्त्वाचा. ज्याला छापायचं तो छापतो, बाकीचे ४००० छापतात. पण आपल्याला फायदा असा की खोक्यावर किंवा माहितीपत्रकात सीईए-२००६ किंवा नंतरचं सीटीए-२००६ दिसलं, तर निदान कुणीतरी मीटर लावून मोजलंय असं समजायला हरकत नाही.

बरं, आता मुद्द्याचं. सबवूफरला अँप जुळवणे ही काही कला नाही, अनुभवाची गोष्ट नाही, ‘कान तयार लागतो’ असलं तर मुळीच नाही. ती आकडेमोड आहे, आणि तीत तीनच आकडे लागतात. सबवूफर सतत किती आरएमएस वॉट सोसतो, जोडणी झाल्यावर अँपला एकूण किती ओहम दिसतात, आणि त्याच ओहमवर अँप किती आरएमएस वॉट देतो. चौथा आकडा, म्हणजे गाडी किती अँपिअर देऊ शकते, तो वर येऊन गेलाच. या चारांपैकी एकही आकडा दुकानात कुणी उच्चारत नाही. तिथे फक्त ‘मॅक्स’ असतं.

यातला ओहमचा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो, आणि तिथेच खरी वाट लागते. आमच्या ऑफिसातल्या एका मित्राचं उदाहरण देतो. त्याने पुण्यातल्या एका दुकानातून (नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही) बारा इंची सबवूफर घेतला. खोक्यावर १६०० वॉट, आत बारीक अक्षरांत ४०० आरएमएस. ड्युअल व्हॉइस कॉईल, प्रत्येक कॉईल ४ ओहमची. आता अशा दोन कॉईल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकसर जोडल्या तर ८. चार? चार होतच नाहीत. हे बारावीचं फिजिक्स आहे. दुकानदाराने बरोबर दिला दोन चॅनलचा अँप. त्याचं माहितीपत्रक मी नंतर वाचलं. ४ ओहमवर ९० वॉट प्रत्येकी, २ ओहमवर १३० प्रत्येकी, ब्रिज केला तर ४ ओहमवर २६०. आणि खाली स्वच्छ लिहिलेलं की ब्रिज करताना ४ ओहमच्या खाली जाऊ नका.

का जाऊ नका? कारण ब्रिज केल्यावर दोन्ही चॅनल मिळून एकच भार ओढतात आणि प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात. ४ ओहम ब्रिज म्हणजे दोघांना दोन-दोन. २ ओहम ब्रिज म्हणजे दोघांना एक-एक. जो अँप दोनच्या खाली चालत नाही त्याला एक ओहम दाखवला की करंट दुप्पट मागितला जातो, तो तापतो, आणि लाल दिवा लावून बसतो. नशीब असेल तर दिवा लागतो. नसेल तर धूर येतो.

दुकानातल्या पोराने अर्थातच कॉईल समांतर जोडून ब्रिज केलं होतं. मे महिन्यातल्या दुपारी, डिकीत, वाकड ते हडपसर ट्रॅफिकमध्ये, अँप बंद. थोड्या वेळाने चालू. परत बंद. मित्र दुकानात गेला तर उत्तर काय? “साहेब, टेन्शन घेऊ नका, अँप छोटा पडतोय. मोठा टाकून देऊ.” च्यायला! दोन वायरी काढून कॉईल एकसर जोडल्या असत्या तर ८ ओहमवर त्याच अँपने १८० वॉट वर्षानुवर्षे निवांत दिले असते. ४०० च्या मानाने हे कमी वाटतात ना? डेसिबलमध्ये फरक साडेतीनचा. ऐकायला फरक जाणवतो, पण निम्मा आवाज झाला असं अजिबात होत नाही. पाच मिनिटांचं, फुकटातलं काम होतं. पण फुकटात दुकान चालत नाही.

डेसिबलचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट मोठा’ आवाज वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. तेव्हा ५०० वरून १००० वॉटवर जाण्यासाठी जे पैसे, जी वायर आणि जो अल्टरनेटर लागतो त्याच्या बदल्यात मिळतं ते एवढंच. तेवढ्याच ५०० वॉटवर शेजारी तसाच दुसरा सबवूफर ठेवला तरी खालच्या सुरांना साधारण तितकेच ३ डेसिबल मिळतात, बॅटरीवर एक अँपिअरही जास्त न टाकता. शंकू मोठा करा, खोकं नीट बनवा, मग वॉटकडे या. पण खोक्याच्या घनफळाची चर्चा करायला कुणाला वेळ आहे? वॉट विकायला सोपे.

मित्राने मोठा अँप घेतला. मोनो, १ ओहमवर १००० वॉट, २ ओहमवर ६००, ४ ओहमवर ३५०. आकडे खरे होते, कंपनी बरी होती. कॉईल समांतरच राहिल्या, म्हणजे २ ओहम, म्हणजे ६०० वॉट. सबवूफर ४०० चा. इथवरही काही बिघडलेलं नव्हतं बरं का. गेन खाली ठेवला असता तर हा जोड उत्तम होता. पण जोडणाऱ्याने गेन फिरवला शेवटपर्यंत, बास बूस्ट फिरवला शेवटपर्यंत, आणि म्हणाला, “आता ऐका साहेब.” साहेबांनी ऐकलं. दोन आठवड्यांनी डिकीतून जळक्या वार्निशचा वास आला आणि सबवूफर गप्प झाला.

आता यावर दुकानाचं निदान ऐका. “अंडरपॉवर झाला असणार. कमी पॉवर मिळाली की सबवूफर जळतो, साहेब.” ४०० च्या सबवूफरवर ६०० चा अँप, आणि अंडरपॉवर!

कमी पॉवरने स्पीकर जळतो ही कार ऑडिओतली सगळ्यात चिवट अंधश्रद्धा आहे. लिंबू-मिरचीपेक्षा चिवट. आणि ती पसरवणाऱ्यांत शिकलेले लोक आघाडीवर. अरे, तुम्ही आवाज कमी करून गाणी ऐकता तेव्हा स्पीकरला कमीच पॉवर मिळत असते. जळतो का तो? २५ वॉटचा दिवा व्होल्टेज कमी झालं तर मंद होतो, फुटत नाही. व्हॉइस कॉईल म्हणजे चुंबकाच्या फटीतली तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची बारीक तार. ती जळते उष्णतेने, आणि उष्णता येते पॉवरमधून. कमी पॉवरने जास्त उष्णता कुठून येईल?

या अंधश्रद्धेच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती मात्र सांगायला हवी. लहान अँपकडून त्याच्या कुवतीबाहेर आवाज मागितला की लाटेचे शेंडे कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. शेंडा तितक्याच उंचीवर सपाट झाला की लाट चौकोनाकडे झुकते, आणि चौकोनी लाटेत त्याच उंचीच्या साइन वेव्हच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे २५० वॉटचा अँप पार चेचला तर, पुरवठा टिकला असं धरून, ५०० वॉटपर्यंत जाऊ शकतो. तो ३०० वॉटच्या सबवूफरवर असेल तर सबवूफर जळेल. का? जास्त पॉवर मिळाली म्हणून! आणि तोच अँप ६०० वॉटच्या सबवूफरवर असेल तर पूर्ण चेचूनही सबवूफरला काही होणार नाही, फक्त आवाज भिकार येईल. अंडरपॉवर हा शब्दच यातून काढून टाका. कॉईलला एकच कळतं, किती वॉट आणि किती वेळ.

पण ही अंधश्रद्धा धंद्याला फार सोयीची आहे. सबवूफर जळला, मोठा अँप घ्या. अँप तापला, मोठा अँप घ्या. दिवे मिचमिचले, कपॅसिटर घ्या.

हो, कपॅसिटर! हा तर माझ्या विशेष प्रेमाचा विषय. मित्राच्या गाडीचे हेडलाइट प्रत्येक ठोक्याला मंद व्हायला लागले तेव्हा त्याला एक फॅरडचा कपॅसिटर विकण्यात आला. निळा डिजिटल व्होल्टमीटर असलेला, दिसायला झकास. १४.४ व्होल्टवरून १२.४ पर्यंत उतरताना हा नळकांडा किती ऊर्जा देतो? अर्धा गुणिले सी गुणिले व्होल्टेजच्या वर्गांचा फरक. म्हणजे सुमारे २७ ज्यूल. ६०० वॉट देणारा अँप आत ७५० वॉट ओढतो. २७ भागिले ७५०. छत्तीस मिलिसेकंद. ४० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं असतं. तर हा कपॅसिटर साधारण दीड आवर्तन तग धरतो, आणि पुढच्या क्षणी तोही त्याच बिचाऱ्या अल्टरनेटरकडे हात पसरतो. दिव्यांचं मिचमिचणं थोडं मऊ होतं, एवढाच काय तो उपकार. अल्टरनेटर देत नाही तितकी पॉवर कपॅसिटर निर्माण करू शकत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दुकानाच्या शटरपाशी संपत नाही.

मग अँप सबवूफरपेक्षा मोठा घ्यावा की लहान? इंटरनेटवर यावरून महायुद्धं झाली आहेत. एक पंथ म्हणतो दुप्पट घ्या, दुसरा म्हणतो तीनचतुर्थांश घ्या. माझं मत असं की थोडा मोठा घेऊन गेन आवरून ठेवा, किंवा थोडा लहान घेऊन त्याला चेचू नका, दोन्ही चालतं. दुप्पट अँप आणि शेवटपर्यंत फिरवलेला गेन हे मात्र चालत नाही. आणि आपल्याकडे तेच होतं, कारण गेन म्हणजे आवाजाचं बटण असा पक्का समज आहे. गेन हे आवाजाचं बटण नाही. तुमचा स्टिरिओ दोन व्होल्टचा सिग्नल देतो की चार व्होल्टचा, त्याप्रमाणे अँपची संवेदनशीलता जुळवायची ती जागा आहे. एकदा जुळवायची आणि विसरून जायचं.

आणि ती जुळवायला अडीचशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल, घरी पडलेला असेल तर उत्तमच. सबवूफरची वायर अँपपासून काढून टाका. इक्वलायझर सपाट, बास बूस्ट शून्य. स्टिरिओचा आवाज तीनचतुर्थांश. पूर्ण पातळीचा ५० हर्ट्झचा साइन टोन वाजवा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला लावा. किती व्होल्ट यायला हवेत? पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४०० वॉट, २ ओहम म्हणजे ८०० चं वर्गमूळ, २८.३ व्होल्ट. गेन हळूहळू वाढवत तिथे आलात की हात काढा. झालं. अगदी काटेकोर नाही ही पद्धत, कारण कॉईलचे ओहम वारंवारतेप्रमाणे बदलतात आणि मीटरला क्लिपिंग दिसत नाही. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. पण ‘आता ऐका साहेब’ पद्धतीपेक्षा शंभर पटींनी बरी.

बास बूस्टबद्दल तर काय बोलावं. ते गोल बटण पूर्ण फिरवलं की बऱ्याच अँपमध्ये १२ डेसिबल वाढतात. १२ डेसिबल म्हणजे सोळापट पॉवर. ज्या सुराला १०० वॉट लागत होते त्याला तुम्ही १६०० मागता आहात. अँपकडे ते नाहीतच, म्हणून तो शेंडे कापतो. मग आपण म्हणतो, अँप छोटा पडला.

माझ्यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही ऑफिसच्या कँटीनमध्येच. पहिला असा की गाणं म्हणजे साइन वेव्ह नव्हे, गाण्यात सरासरी पॉवर बरीच कमी असते, मग ३६२ अँपिअरचा बागुलबुवा कशाला? मान्य. एखाद्या जुन्या मराठी भावगीतात सरासरी मागणी कमालीच्या कितीतरी खाली असते. पण बारा इंची सबवूफर भावगीतं ऐकायला कुणी लावत नाही. ज्या गाण्यांसाठी तो लावतात त्यांत बास सेकंद-सेकंद ताणलेला असतो, आणि त्यावर बास बूस्ट असला की सरासरी झपाट्याने कमालीकडे सरकते.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. “अरे, आवाज आवडतो ना मला? मग वॉट खरे की खोटे, तुला काय करायचंय?” खरं सांगायचं तर काहीच नाही. तुझे पैसे, तुझी गाडी, तुझे कान. पण हाच माणूस फोन घेताना प्रोसेसर किती नॅनोमीटरचा आहे ते विचारतो, आणि ज्या वस्तूत खरोखर ७०-८० अँपिअर वाहणार आहेत तिच्याबद्दल एक प्रश्न विचारत नाही. दुकानात ‘२ ओहमवर आरएमएस किती?’ असं विचारायला त्याला लाज वाटते. पोरगा हसेल म्हणून. चार वर्षं फी भरून शिकलेला ओहमचा नियम हा माणूस परीक्षेनंतर चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवतो. दुकानातला पोरगा शिकलेला नसेल, त्याला चुकीचं शिकवलं गेलं असेल, मी त्याला फार दोष देत नाही. आपल्याला मात्र बरोबर शिकवलं गेलं होतं.

आणि हा प्रश्न फक्त आवाजाचा नाही. तुमच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत, कार्पेटच्या खालून, तुमच्या आणि मागे बसलेल्या आईवडिलांच्या पायाखालून एक लाल वायर जाते. स्वस्तातल्या किटमध्ये ती बहुतेक वेळा तांब्याची नसते, तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते. अॅल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या सुमारे १.६ पट. वर कातडं जाड, आत धातू बारीक. खऱ्या तांब्याची ४ गेजची पाच मीटर वायर ६० अँपिअरला पाव व्होल्ट खाते. ८ गेजची खाते ०.६ व्होल्ट, म्हणजे त्या वायरमध्येच ३७ वॉट उष्णता. तीच मुलाम्याची घेतली तर आणखी जास्त. म्हणून अँपचे वॉट खोटे असणं एका अर्थी दैवाची कृपाच म्हणायची. ते ४००० खरे असते तर किटमधल्या वायरीने पहिल्याच गाण्याला पेट घेतला असता.

त्या वायरीवरचा फ्यूज अँपला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीजवळ असावा लागतो, फार तर दीड फुटाच्या आत. डिकीत, अँपशेजारी लावलेल्या फ्यूजचा इथे उपयोग शून्य. वायर बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या कडेवर घासली, तिचं कातडं कापलं, पत्र्याला टेकली, की बॅटरी शेकडो अँपिअर त्या एका ठिकाणी ओतते आणि डिकीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. मित्राच्या गाडीत फ्यूज होता, डिकीत. पत्र्याच्या भोकात रबरी बुश नव्हतं. वायरीवर चर पडायला सुरुवात झाली होती.

उद्या रविवार आहे. गाडीत अँप लावलेला असेल तर सकाळी चहा झाल्यावर बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून ती लाल वायर बोटाने धरून मागे मागे जा. हातभर अंतरात फ्यूज सापडला नाही, तर दहाचा पाना घेऊन आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा आणि वायरीचं प्लसवरचं टोक सोडवून टेप गुंडाळून ठेवा. मग मायनस परत लावा. गाडी चालेल, फक्त सबवूफर वाजणार नाही. फ्यूज होल्डर सोमवारी आणता येईल.